मांत्रिकाच्या झोळीतील जिन्नस कोणाचे?

अमावास्येची रात्र सरल्यावर गावाबाहेरच्या तिकाटण्यावर जाऊन पाहावे. पत्रावळीवर दहीभाताचा मुटका, त्यावर गुलाल, शेजारी चिरलेले लिंबू, लिंबात खोचलेल्या टाचण्या, एखादे अंडे, काळ्या चिंधीची बाहुली, आणि या सर्वांस वळसा घालून अंग चोरीत जाणारी शाळेतील पोरे. पण एकट्या पोरांस का हसावे? दिवसभर औत धरणारा, मारक्या बैलास वेसण धरून उभा करणारा गडीही तेथे आला म्हणजे पाऊल उचलून टाकतो. गावचे कुत्रे मात्र तो भात खाऊन जीभ चाटीत पुढच्या आळीस जाते. त्यास रक्ताची ओकारी झाल्याचे आम्ही अद्याप कोठे ऐकले नाही.

मंत्र खरा की खोटा हा वाद आमच्या लोकांत फार जुना आहे. वाद घालणारे दोन्ही पक्ष आपापल्या जागी बसून राहतात आणि मध्ये देवऋषी आपली दक्षिणा घेऊन घरी जातो. मंत्र डोळ्यांस दिसत नाही, म्हणून त्याची झडती घेता येत नाही. पण झोळी दिसते. यास्तव आज आम्ही मंत्र बाजूस ठेवून देवऋष्याची झोळी वाचकांपुढे पालथी करणार आहोत. तीतून पडणारा एकेक जिन्नस कोठून आला, कोणी केला, त्याच्या अंगी कोणता गुण आहे, एवढेच पाहावयाचे. हे काम पंडिताचे नव्हे. लोहार, बुरूड, परीट, तांबट, माळी आणि घरोघरच्या बाया यांचे आहे. कारण झोळीतला बहुतेक माल त्यांच्याच हातून गेलेला आहे, आणि ज्याच्या हातून वस्तू जाते त्यास तिचा गुण ठाऊक असतो.

लोखंडापासून आरंभ करू. सुई, टाचणी, दाभण, खिळा, घोड्याची नाल, विळा. भुतांस लोखंडाचे भय वाटते अशी समजूत आपल्याकडे आहे, आणि ती केवळ आपल्याकडे आहे असेही नाही. विलायतेतील शेतकरीसुद्धा दारावर नाल ठोकीत असे. आता ऐरणीपुढे बसणाऱ्या आमच्या लोहार बांधवांसच आम्ही विचारतो. एका सळईचे चार खिळे आपण पाडले. एक बैलगाडीस गेला, एक चौकटीस गेला, एक खुंटीस गेला आणि चौथा स्मशानातल्या झाडावर बाहुलीच्या छातीत ठोकला गेला. या चौथ्यात आपण निराळे काय घातले होते? काही नाही. भाता तोच, कोळसा तोच, घणाचा घाव तोच. खिळा आपल्या हातातून गेला तेव्हा तो खिळाच होता. चार पैशांच्या त्या वस्तूस शेकडो रुपयांचे मोल आले ते मधल्या हातात आले.

सुईची गोष्ट तर याहून गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकात जगातील सुयांचा फार मोठा भाग इंग्लंडातील रेडिच नावाच्या एका गावी होत असे आणि तेथून देशोदेशी जात असे. म्हणजे ज्या सुईने वैऱ्याचे काळीज भेदावयाचे, ती दर्यापारच्या कारखान्यात गिऱ्हाइकांच्या सदऱ्याला गुंडी लावण्यासाठी तयार झालेली. तिला आमच्या गावच्या म्हसोबाची ओळख कोणी आणि केव्हा करून दिली?

विळ्याबद्दल मात्र हसण्यावारी नेता येत नाही. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा कोयता ठेवण्याची चाल अजून पुष्कळ घरी आहे. तिचे मूळ आम्ही मूर्खपणात शोधीत नाही. कुडाचे घर, रान जवळ, दिवा मंद, बाई अशक्त. कोल्हेकुत्रे आत शिरले तर हाताशी धार असावी, हे शहाणपणच होते असे आम्हांस वाटते. पुढे धारेचा उपयोग विसरला आणि भुताचा धाक तेवढा राहिला. आणि याच विळ्याने पुष्कळ ठिकाणी बाळाची नाळही कापीत. शेतात वापरलेल्या विळ्यास जी शेणमाती लागलेली असे, तीत धनुर्वाताचे जंतू असत. ते बाळाच्या अंगात जात. पाच-सात दिवसांनी बाळ दूध सोडी, जबडा आवळी, ताठ होई आणि जाई. घर म्हणे, सटवीने नेले. सटवीपासून राखण व्हावी म्हणून उशाशी ठेवलेल्या हत्यारानेच घात केलेला असे, आणि दोष कधी सटवीवर, कधी शेजारच्या वांझ म्हणून हिणविलेल्या बाईच्या नजरेवर जाई. पुढे गरोदर बाईस धनुर्वाताची लस टोचू लागले, नाळ स्वच्छ पात्याने कापू लागले, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. आणि आई व नवजात बालक यांचा धनुर्वात हा भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. पाचवीची पूजा अजून होते. तिच्या आड आम्ही येत नाही. पण सटवी आता पूर्वीसारखी बाळे नेत नाही, आणि तिची भूक कोणत्याही देवऋष्याच्या मंत्राने कमी झालेली नाही, एवढे आयाबायांनी ध्यानात ठेवावे.

लिंबू आणि मिरची यांजकडे वळू. शनिवार आला की शहरातल्या दुकानाच्या चौकटीस, मोटारीच्या पुढच्या दांड्यास, रिक्षास, नव्या ट्रॅक्टरास लिंबू, मिरच्या, बिबा आणि कोळसा एका दोऱ्यात ओवून टांगतात. हा तोडगा ऋषिमुनींच्या काळापासून चालत आला आहे असे विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. लिंबू आपल्या देशचे खरे. मिरची मात्र परकी आहे. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांनी दर्यावरून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यास आणली. ज्ञानेश्वरांच्या वेळी अवघ्या महाराष्ट्रात मिरचीचे एक झाड नव्हते. जेवणात तिखट म्हणून मिरी पडत असे. तेव्हा ऋषींनी ही मिरची कोणत्या बाजारातून आणविली, एवढे त्या विकणाऱ्यास विचारावे. पुन्हा गंमत अशी की आता बाहुलीवर माणसाचा फोटो चिकटवितात. पूर्वी ज्याच्यावर करणी करावयाची त्याचे केस, नखे, अंगावरची चिंधी, पायाखालची माती लागे. फोटो काढण्याची विद्या १८३९ साली फ्रान्सात जाहीर झाली. अनादि म्हणविणारा मंत्र बाजारात नवी वस्तू आली की तिच्यापुढे लगेच नमते घेतो, हे त्यातून दिसते.

आता बिब्यापाशी थोडे थांबू. या एका फळाने आमच्या लेकीसुनांस जितके रडविले तितके दुसऱ्या कोणत्याही जिनसाने रडविले नसेल. बिबा म्हणजे भिलाव्याचे फळ. झाड रानातले. रानाच्या आधाराने राहणारे लोक ही फळे वेचून आणतात, फोडून आतली गोडंबी काढतात. ती गोडंबी आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो. पण फळे फोडणाऱ्या बायांचे हात त्याच्या तेलाने काळे पडतात, कातडी सोलते. परटास बिबा ठाऊक असतो तो निराळ्या कारणाने. घरोघरचे कपडे एकत्र झाले म्हणजे ओळख राहावी म्हणून परीट बिब्याच्या रसाने कोपऱ्यावर खूण करीत; कपडा फाटला तरी ती खूण जात नसे. शेतकऱ्याच्या घरी टाच भेगाळली, काटा मोडून ठणकू लागला, तर बिबा तापवून चटका देतात. म्हणजे या फळाचा गुण वेचणाऱ्यास, धुणाऱ्यास आणि कसणाऱ्यास तिघांसही पूर्ण ठाऊक होता: तेल कातडीस लागले की कातडी भाजते, परंतु तत्काळ नव्हे. काही तासांनी, कधी दिवसा-दोन दिवसांनी, डाग उमटतो, आग होते, फोड येतो.

हे उशिराने उमटणे हेच भानामतीचे भांडवल. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटक-तेलंगणाच्या मुलखात भानामतीची धास्ती फार. घरातल्या एखाद्या बाईच्या अंगावर, पाठीवर, दंडावर काळ्या फुल्या उठतात. रात्री नव्हत्या, सकाळी आहेत. दाराला कडी होती, कोणी आले नाही, गेले नाही. मग हे केले कोणी? देवऋषी म्हणतो, भानामतीने. परटास विचारले असते तर त्याने फुली पाहताच सांगितले असते की हा बिबा आहे आणि काल-परवा लागलेला आहे. पण परटास कोणी विचारीत नाही. कारण तो आपल्यातला, आणि त्याच्या शब्दास दक्षिणा पडत नाही.

भानामतीत कपडे आपोआप पेटतात असेही सांगतात. त्याचे मूळ फॉस्फरस नावाच्या द्रव्यात सापडते. हे द्रव्य १६६९ साली जर्मनीतील हॅम्बर्ग शहरी हेनिग ब्रांट नावाच्या माणसाने प्रथम काढले, तेही मूत्र आटवून आटवून. पांढरा फॉस्फरस पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. उघड्यावर सुकला की नुसत्या उन्हाळ्याच्या उष्णतेनेही पेट घेतो. ओल्या फडक्यात तो गुंडाळून लुगड्याच्या घडीत ठेवला तर फडके वाळेपर्यंत ठेवणारा दुसऱ्या गल्लीत जाऊन पान खात बसू शकतो.

येथे एक नाजूक गोष्ट सांगणे आम्हांस भाग आहे. ज्यांनी अशी घरे पाहिली, चौकश्या केल्या, त्यांचा अनुभव असा की पुष्कळदा या फुल्या बाहेरचा कोणी उठवीत नाही. घरातलेच कोणी दुःखी माणूस, बहुतेक वेळा सासुरवाशीण किंवा वयात आलेली मुलगी, आपल्या हाताने उठविते, आणि कधी कधी आपण ते करतो याची तिला पुरती शुद्धही नसते. ज्या घरात तिला तोंड उघडण्याची मुभा नाही, त्या घरात तिचे अंग बोलते. अशा बाईस चोर ठरवून चारचौघांत उघडे पाडू नये. तिला मनाच्या डॉक्टराकडे न्यावे, आणि त्याआधी तिला पोटभर जेवण, पुरती झोप आणि दोन बरे शब्द मिळतात की नाही ते घरातल्या कर्त्या माणसाने आपल्या मनाशी पाहावे. देवऋषी यातले काही करीत नाही. तो तिला धुरी देतो, केस धरून घुमवितो, छडीने मारतो, आणि दुखणे दुप्पट करून घरी पाठवितो.

हळदीची युक्ती आमच्या प्रत्येक वाचक भगिनीस ठाऊक आहे, फक्त ती युक्ती आहे हे तिच्या ध्यानात आले नसेल. लुगड्यावर हळद सांडली आणि साबण लावला की पिवळा डाग लाल होतो. चुन्यानेही होतो, हळदीचे कुंकू याच गुणाने होत आले. आता देवऋषी काय करतो? चुन्याच्या निवळीत हात बुडवून वाळवून येतो, किंवा निवळीचे पाणी तांब्यात घेऊन मंतरलेले म्हणून शिंपडतो. हळद लाल झाली की म्हणतो, पाहा रक्त उतरले. लिंबातून रक्त काढण्याचा प्रकारही असाच. सुरीच्या पात्यास जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून वाळवितात. तो दिसत नाही. लिंबाचा आंबट रस लागताच लाल होतो. जास्वंद माळ्याच्या मळ्यातली, लिंबू माळ्याच्या बागेतले, सुरी लोहाराची. रक्त मात्र देवऋष्याचे!

नारळातून केस, सुया, चिंध्या, मोगऱ्याच्या कळ्या निघतात आणि पाहणारांची छाती दडपते. नारळ सोलणाऱ्या कोणत्याही कोकणी माणसास ठाऊक आहे की नारळास तीन डोळे असतात आणि त्यांपैकी एक मऊ असतो. कोंब तेथूनच बाहेर येतो. त्या डोळ्यातून तारेने जे घालावे ते आत जाते. वर शेंडी तशीच ठेवली की भोक झाकते. नारळ फोडण्यापूर्वी शेंडी उपटून ते डोळे सर्वांस दाखवा, एवढे जरी एखाद्या धीट पोराने म्हटले तरी देवऋषीबुवांच्या अंगातले वारे बरेचसे ओसरते. यज्ञकुंडात काडीवाचून अग्नी पेटविण्याची करामत पाहून तर शिकलेले लोकही फसतात. विहिरीच्या पाण्यात टाकावयाचे जे जांभळे औषध, पोटॅशियम परमँगनेट, त्याची पूड लाकडात आधीच ठेवलेली असते आणि तूप म्हणून वरून ग्लिसरीन ओततात. दोन्ही एकत्र आली की थोड्या वेळाने धूर येतो, मग ज्वाळा येते. यातला देव औषधाच्या दुकानात मिळतो.

ताईत, गंडा, कवडी यांबद्दल फार लिहावयास नको. ताईत हा शब्दच अरबी तावीज या शब्दावरून आलेला. आत घालावयाचे भूर्जपत्र हिमालयातल्या उंच डोंगरावरच्या झाडाची साल. पेटी तांबटाची, दोरा सूत कातणाऱ्याचा. कवडी मालदीवच्या समुद्रातून गलबतांनी येत असे आणि ती भुतांसाठी येत नसे, बाजारासाठी येत असे. बंगाल-ओरिसात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती नाणे म्हणून चालली. आपल्या बोलण्यात कवडीमोल, फुटकी कवडी हे शब्द त्या बाजाराची आठवण म्हणून राहिले आहेत. एक खुलासा येथेच करून ठेवतो. आराध्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ, वाघ्याचा भंडारा, गोंधळ्याचे संबळ ही आम्ही या झोळीत मोजीत नाही. तो कोणाच्या भक्तीचा भाग आहे, कोणाच्या पोटाचा आहे. त्याने कोणाच्या अंगावर फुली उठत नाही की कोणा बाईस गाव सोडावे लागत नाही.

तर सर्व झोळी पालथी करून झाल्यावर काय दिसते? देवऋष्याचे स्वतःचे असे तीत काहीच नाही. वस्तू आमच्या आहेत हे तर झालेच. पण आम्हांस अधिक बोचते ते हे की त्या वस्तूंचे ज्ञानही आमचेच होते. बिबा कसा भाजतो हे परटाने शोधले. हळद कशी लाल होते हे बायकांनी शोधले. नारळाचा डोळा वाडीतल्या माणसाने शोधला. कष्ट करता करता जे शहाणपण हाती आले, ते एकाने उचलले, वर मंत्राचे फडके टाकले आणि आमच्यावरच उलटविले. बरे, हा एक कोण? जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पुरा केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात, जन्मापासून मरणापर्यंत विधींच्या नावाने शेतकऱ्याचा पैसा कसा काढला जातो याचा घरवार हिशेब मांडला आहे. तो हिशेब वाचून आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवावयास शिकलो, आणि ते योग्यच झाले. परंतु गावचा देवऋषी, भगत, जाणता हा बहुधा परका नसतो. तो आमच्यातलाच असतो, आमच्याच पंक्तीस बसतो, आणि म्हणूनच त्याचा हिशेब मागण्यास आमची जीभ रेटत नाही. पंचांगवाल्याने सवा रुपया मागितला तर भांडणारा गृहस्थ, याला कोंबडा, बोकड, साडी आणि वर रोख हजारो रुपये कर्ज काढून देतो.

पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. झोळीतल्या एका वस्तूने मात्र याहून भयंकर काम केले आहे, आणि ती वस्तू सर्वांत निरुपद्रवी दिसणारी आहे. ती म्हणजे सूप. बुरुडाने बांबूच्या बेळांचे विणलेले, कोंडा उडवून दाणा राखणारे सूप. गावात लागोपाठ दोन-तीन मरणे झाली, गुरे दगावली, कोणाचे मूल फिट येऊन गेले, की भगताकडे जातात. तो सुपात तांदूळ टाकतो, दाणे निवडतो, मोजतो, आणि दाण्यांवरून नाव काढतो. नाव कोणाचे निघते? पाटलाचे निघाल्याचे कोणी ऐकले आहे काय? सावकाराचे, सरपंचाचे निघाले आहे काय? नाव निघते एकट्या विधवेचे, म्हाताऱ्या बाईचे, जिला मूलबाळ नाही तिचे. आणि पुष्कळ ठिकाणी असे आढळले आहे की तिच्या नावावर दोन एकर जमीन असते व त्या जमिनीवर भावकीची नजर असते. पालघरकडे तिला भुताळी म्हणतात, सातपुड्यात डाकीण म्हणतात, आणखी कोठे चेटकीण. नाव निघाले की तिला मारहाण होते, गावाबाहेर घालवितात, आणि कित्येकींचे प्राण गेलेले आहेत. ज्या बुरुडाने ते सूप विणले त्याने ते दाणा आणि कोंडा निराळा करावयास विणले होते. माणसातून माणूस पाखडून काढावयास विणले नव्हते.

याबद्दल महाराष्ट्रात कायदा आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसते म्हणून सांगतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे या कायद्याची मागणी लावून धरली होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला; त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अमुक बाई करणी करते, जादूटोणा करते असे म्हणून तिच्याविरुद्ध लोकांस उठविणे, चमत्काराच्या नावाने पैसे उकळणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करीत बसणे, हे सर्व गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र व बिनजामिनाचा आहे. म्हणजे ‘आपसात मिटवा’ असे सांगून ठाण्यातून परत पाठविता येत नाही. वारी, कीर्तन, भजन, यात्रा, घरची पूजा यांस हा कायदा हात लावीत नाही. कायद्यामुळे आपले देव बुडतील अशी हूल जे उठवितात, त्यांची मिळकत कशावर चालते ते वाचकांनी पाहून घ्यावे.

साप-विंचवाचा उल्लेख आला म्हणून घोड्याविषयी आणखी दोन शब्द. काळ्या घोड्याची नाल उंबऱ्यावर ठोकल्याने साप घरात येत नाही म्हणून ती विकत घेणारे आहेत. घोडा खरोखरच सापाच्या विषावर उपयोगी पडतो, परंतु खुराने नव्हे, रक्ताने. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींचे विष अगदी थोड्या थोड्या प्रमाणात घोड्यास टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषास मारणारे द्रव्य तयार होते. ते काढून, शुद्ध करून त्याची लस करतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत हे काम विसाव्या शतकात सुरू झाले. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने पूर्वी फार माणसे, विशेषतः मुले, दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन नावाचे साधे औषध त्यावर चालते हे १९८० च्या दशकात दाखवून दिले, तेव्हापासून शेकडा चाळीसच्या घरात असलेले मरण शेकडा एकाच्या घरात आले. पण ही लस आणि हे औषध वेळेवर पोचावे लागते. लिंबाचा डहाळा फिरवीत आणि झाडा घालीत जे दोन तास जातात ते परत मिळत नाहीत. साप चावलेला माणूस मांत्रिकाकडे ‘बरा’ होतो तो साप बिनविषारी असला म्हणून. विषारी निघाला की मांत्रिक म्हणतो, काळच आला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही लस ठेवलेली आहे की नाही हे पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत विचारून घ्यावे, आणि नसेल तर मागावी. लेखी मागावी, व पोच घ्यावी.

आमच्या कारागीर बांधवांस एकच विनंती आहे. येत्या अमावास्येस तिकाटण्यावर उतारा दिसला तर परटाने बिबा उचलून पोरांस दाखवावा, लोहाराने खिळा उचलून तो कोणत्या सळईचा ते सांगावे, बुरुडाने परडी उलटी करून आपली वीण दाखवावी. बायकांनी सुनेस व मुलीस हळद आणि चुना घेऊन कुंकू करून दाखवावे. दोन मिनिटांचे काम आहे. आणि ज्या गावात सुपातून कोणा बाईचे नाव काढले गेले असेल, तेथील वाचकांनी आधी पोलीस ठाण्यात जावे, मग आम्हांस कळवावे. कायद्याप्रमाणे त्यासाठी दक्षता अधिकारी नेमलेला असतो. त्याचे नाव ठाण्यात विचारावे, सांगणे त्यांचे काम आहे. कळविणाराचे नाव व त्या बाईचे नाव आम्ही छापणार नाही.